बदललेला पाऊस आणि आपले मुंडे, मोह, कुटकी

(मेळघाटातल्या आणि अकोट पायथ्याच्या गावांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेली मांडणी. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. गावात बसून मोठ्याने वाचावी.)



मागच्या बैठकांत आपण दाव्यांवर बोललो. नकाशे, जीपीएसची मोजणी, उपविभागीय समितीकडून त्रुटी काढून परत आलेल्या फायली, हेच चाललं होतं. आज विषय वेगळा वाटेल. आज मुंड्यांवर बोलायचं आहे, मोहावर बोलायचं आहे, कुटकीच्या बियाण्यावर बोलायचं आहे. कोणी म्हणेल, दाव्याचं काम अर्धं पडलं हाय अन् हे संघटनावाले देवाधर्माच्या गोष्टी कावून काढून राहिले? तर बाप्पा, हा विषयही दाव्याचाच आहे. कसा, ते थोडं पुढे येईल. पहिले पावसाचं पाहू, कारण सगळं तिथून सुरू होते.

मोहाचं फूल फाल्गुन-चैत्रात येते. रात्री उमलते, पहाटेपासून गळायला लागते. बाया-पोरं अंधारात टोपल्या घेऊन निघतात, ऊन चढायच्या आत वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. हे सगळं कोरड्या हवेचं काम आहे. त्याच पंधरा-वीस दिवसांत आभाळ आलं, वारं सुटलं, गारा पडल्या, तर फुलोरा झडून जाते. जे हाती लागते ते ओलं राहते, काळं पडते, आंबते. व्यापारी हात लावून पाहते आणि भाव पाडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अन् मराठवाड्यात गारपीट झाली, ती अजून कोणी विसरलं नाही. खाली वऱ्हाडात गहू, हरभरा, संत्र्याचे पंचनामे झाले. मोहाचा पंचनामा कोण करणार? भरपाई मिळते ती सातबाऱ्यावरच्या पिकाला. जंगलातला फुलोरा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. म्हणून ज्या घराचं वर्षाचं मीठ-तेल त्या फुलावर चालते, त्या घराचं नुकसान सरकारच्या हिशोबात झालंच नाही.

पावसाळ्याचंही तसंच. पाऊस पडतच नाही असं नाही, पण त्याचा ठाव राहिला नाही. एका रात्रीत नाला भरून वाहते आणि मग वीस दिवस आभाळ कोरडं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, हे हवामान खात्यानेच सांगितलं. याचं कारण शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. दीड-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून जाळून सगळ्या पृथ्वीची हवा तापली, एक अंशापेक्षा जास्त तापली. गरम हवा जास्त ओल धरून ठेवते, एका अंशाला साधारण सात टक्के जास्त. म्हणजे ती पाणी जास्त दिवस अडवून धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. कोळसा आपण जाळला नाही. आपल्या कित्येक गावांत अजून दिव्याचा पत्ता नसतो. पण गारा पडायच्या तेव्हा कोणी किती जाळलं हे पाहून पडत नाहीत.

आता यात आपल्या रीतींचं काय होते, ते पाहा.

आपलं पंचांग भिंतीवर टांगलेलं नव्हतं. ते झाडावर, नाल्यावर आणि शेतावर होतं. मोह गळायला लागला की होळी जवळ आली. पाच दिवसांचा फगवा, काटकुंभ-जारिद्याची मेघनाथाची जत्रा, मग तेंदू, मग पहिला पाऊस आणि पेरणीआधी मुठवा देवाची पूजा. कुटकी-कोदो घरात आलं की दसऱ्याला डोंगर देव. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत थाट्यांचा नाच, ज्याला आपण घुंगरू बाजार म्हणतो. गदली-सुसून नाचायचं ते सुगी झाल्यावर, पोट भरलेलं असताना. ही साखळी आहे. एक कडी सरकली की बाकीच्या सरकतात. पेरणी तीनदा करावी लागली, तर पूजेला लागणारा नवा दाणा वेळेवर येत नाही. मग दुकानातून तांदूळ आणून देवापुढे ठेवतात. एक वर्ष चालते. दोन वर्षं चालते. तिसऱ्या वर्षी पोरगं विचारते, तांदूळच ठेवायचा तर मग कुटकी कशाले पेरायची?

आणि कुटकी गेलीच आहे की बऱ्याच गावांतून. तिच्या जागी सोयाबीन आलं, कारण सोयाबीनला बाजार आहे, आणि कर्ज, पीकविमा, दुकानातलं बियाणं हे सगळं त्याच्यामागे उभं आहे. आम्ही सोयाबीनच्या विरोधात नाही. पोराच्या शाळेचे पैसे कुटकीतून निघत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्या वर्षी वीस दिवसांचा खंड पडते, त्या वर्षी उतारावरच्या हलक्या जमिनीत सोयाबीन माना टाकते आणि कुटकी तग धरते. कोदोही तसाच चिवट. कुटकीचं पीक अडीच-तीन महिन्यांत हाती येते. खत मागत नाही, फवारा मागत नाही, आणि नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. आपल्या आज्यांनी हे बियाणं मडक्यात राख घालून सांभाळलं ते काही कौतुकासाठी नाही. पाऊस फसवतो हे त्यांना माहीत होतं. सरकारने २०२३ हे भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, शहरांत प्रदर्शनं भरली. इकडे ज्या घरात तिचं जुनं बियाणं शिल्लक आहे अशी घरं आता बोटावर मोजायला लागतात, आणि दाणा संपला की तो दुकानात मिळत नाही.

दाण्याबरोबर शब्दही जातो. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषा सांगणारे सव्वासात लाख निघाले, म्हणजे आपण काही मूठभर नाही. तरी युनेस्कोच्या यादीत कोरकू ही धोक्याच्या वाटेवरची भाषा आहे. शेजारी जळगाव जामोदकडची निहाली तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही आणि बोलणारे अगदी थोडे उरले आहेत. पुस्तकं छापून भाषा थोडी टिकेल, छापावीच. पण पेरणी, निंदणी, मळणी, भुसा, कोंडा, नवा दाणा, जुना दाणा, यांचे कोरकू शब्द ज्या पोराने ते काम पाहिलंच नाही त्याच्या तोंडात कसे बसणार?

आता मुंड्यांकडे येऊ.

माणूस गेला की काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ऐपत होईल तेव्हा आपण सिडोली करतो आणि लाकडाचा मुंडा उभा करतो. सागाच्या खांबावर चंद्र-सूर्य, घोड्यावरचा स्वार कोरलेला. त्यानंतरच तो माणूस आपल्या पूर्वजांत जाऊन बसला असं मानायचं. गावाच्या बाहेर झाडाखाली असे मुंडे रांगेने उभे असतात, काही ताजे, काही इतके जुने की कोरीव काम हाताने चाचपावं लागते. लाकूड कधीतरी जाणारच, ते आपल्यालाही मान्य होतं. पण लाकूड सडते ते ओल साचून राहिल्याने. पूर्वी चार महिने भिजायचं आणि आठ महिने वाळायचं. आता दिवाळीत पाऊस, माघात पाऊस, चैत्रात गारा आणि मधल्या दिवसांत कडक ऊन. खांबाला वाळायला सलग वेळ मिळत नाही. भेगा पडतात, भेगांत पाणी बसते, बुरशी धरते, मग बुडाला वाळवी. वरून मार्च-एप्रिलची आग आली तर मुंड्यांची अख्खी रांग एका दुपारी जाते.

नवा मुंडा करायचा तर साग लागतो, आणि साग म्हटला की गुन्हा. म्हणून कुठे सिमेंटचा खांब उभा राहतो, कुठे नुसता दगड, कुठे सिडोलीच पुढे ढकलली जाते.

व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या गावांचं दुखणं तर याच्याही पलीकडचं आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठवून अकोट भागात वसवली. त्यांच्यामागे आणखी गावं पायथ्याला उतरली. घर मोडून नेता येते, गुरं हाकत नेता येतात. मुंडे नेता येत नाहीत. ते जुन्या गावठाणात झाडोऱ्यात उभे आहेत आणि तिथे जायला परवानगी लागते. माणसं खाली, पूर्वज वर. जी पिढी खाली जन्मली तिला आजोबाचा मुंडा कोणत्या झाडाखाली आहे हे दाखवायला आता थोडेच म्हातारे उरले आहेत.

मग हा दाव्याचा विषय कसा?

वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याचे नियम. नियम १३ मध्ये पुरावा कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात लिहिलं आहे: जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा. सामूहिक वनक्षेत्रासाठी पुढे लिहिलं आहे: देवाची झाडं, देवराया, तळी, नदीकाठ, गुरे चारायच्या जागा, कंदमुळं-फळं गोळा करायच्या जागा, वैदू जिथून औषधी आणतो तो भाग, पिण्याच्या पाण्याची ठिकाणं. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा. जुनी गॅझेटियर चालतात. नामांकित संस्थांनी रीतीभातींवर केलेला अभ्यास चालतो. आणि दावा मानायचा तर एकापेक्षा जास्त पुरावे पाहायचे, हेही तिथेच आहे. एकच कागद घेऊन गेलात तर दावा लंगडा पडतो.

म्हणजे ज्या मुंड्यापुढे आपण फक्त दारू आणि फुलं वाहत होतो, तो मुंडा आपला साक्षीदार आहे. तो सांगतो की ही माणसं इथे तीन पिढ्या मरत आली, म्हणजे त्याआधी इथे जगत आली. मुंडा कुजला आणि त्याची नोंद नसली, देवाचं झाड वाऱ्यात पडलं आणि कोणी लिहून ठेवलं नाही, झरा आटला आणि त्याचं नाव पोरांना माहीत नाही, तर आपण उद्या समितीपुढे उभं राहून सांगायचं काय? एका कार्यालयात आम्हाला विचारलं होतं की तुमचं देवस्थान कुठे आहे, इथे तर नुसती दगडांची रास दिसते. मुठवा देव हा दगडांचीच रास असतो हो! १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोरकूंच्या प्रकरणात मुठवा देव आणि डोंगर देव दोघेही आले आहेत. आपल्या उत्पत्तीची गोष्टही त्यात आहे: महादेवाने कावळ्याला लाल माती शोधायला पाठवलं, वारुळाच्या मातीतून मूर्ती केल्या, इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या, तेव्हा महादेवाने आधी मातीचा कुत्रा करून त्याच्यात जीव घातला, आणि त्याच्या राखणीत मग मुला आणि मुलई घडले. आपल्या घरी ही गोष्ट थोडी वेगळी सांगत असतील, तर ती वेगळीच लिहून ठेवा. पण राखणदार आधी आणि माणूस मागून, हे सगळीकडे सारखं आहे.

पुरावा म्हणून एक झालं. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. याच कायद्याचं कलम ५ गावागावात वाचलं पाहिजे. जिथे हक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला त्यात अधिकार दिला आहे की तिने जंगल, वन्यजीव, जैवविविधता सांभाळावी, पाणलोट आणि पाण्याची ठिकाणं सांभाळावीत, आणि आपल्या वस्तीच्या जागेला, आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणारं काही होऊ देऊ नये. सांस्कृतिक वारसा हा शब्द कायद्यात आहे, तो आम्ही घातलेला नाही. त्या कामासाठी ग्रामसभेने आपली समिती नेमायची, असं नियम ४ सांगतो. अभयारण्य असो की राष्ट्रीय उद्यान, वनजमिनीच्या व्याख्येत दोन्ही येतात. धारणी आणि चिखलदऱ्याला वरून १९९६ चा पेसा आहे. त्यातही रूढी, परंपरा आणि ओळख सांभाळायला ग्रामसभा समर्थ आहे असं म्हटलं आहे. अकोल्याला पेसा लागू नाही. पायथ्याच्या गावांनी हे नीट ध्यानात ठेवा: तुमच्या हातात वनहक्क कायदा आहे, तोच घट्ट धरायचा.

हे नुसतं कागदावर नाही. ओडिशात नियमगिरीचा डोंगर बॉक्साइटसाठी खोदायचा होता. तो डोंगर म्हणजे डोंगरिया कोंध लोकांचा नियमराजा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर घाला येतो की नाही हे तिथल्या ग्रामसभाच पाहतील. त्याच वर्षी बारा गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नको म्हटलं. आपला डोंगर देवही डोंगरावरच बसतो.

पण नको म्हणणं हे अर्धं काम झालं. करून दाखवायचं उरते, आणि ते दूरच्या ओडिशात पाहायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, पायविहीर आहे. ते पेसाच्या बाहेरचं गाव. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, दोनशे हेक्टरच्या आतबाहेरचं जंगल, तेही उघडं-बोडकं. गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराई आवरली, आगीवर पाळत ठेवली, रोजगार हमीतून चर खोदले, दगडी बांध घातले, झाडं लावली. सीताफळ गावाने एकत्र विकलं, मुंबईपर्यंत पोचवलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्या गावाला मिळाला. आम्हाला पुरस्कारापेक्षा महत्त्वाचं वाटते ते हे की मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यांना गावात काम मिळालं. माणूस होळीला गावात असेल तरच फगवा होईल.

चंद्रपूरच्या पाचगावचं तर आणखी ऐका. त्यांनाही २०१२ मध्येच हक्क मिळाला. तेंदूपत्त्यात रोख पैसा असूनही त्यांनी ठरवलं की पत्ता तोडायचा नाही, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आग लावतात. त्यापेक्षा टेंभरं झाडावर पिकू देऊ, बांबूवर पोट भरू. प्रत्येक गावाने हेच करावं असं आम्ही म्हणत नाही. मेळघाटात तेंदूच्या मजुरीशिवाय कित्येक घरांचा उन्हाळा निघत नाही. पण ठरवलं ते गावाने, बसून ठरवलं, हे घेण्यासारखं आहे.

आता आपल्याकडे काय करायचं? आम्हाला जे सुचते ते सांगतो, गावाने आपल्या परीने फिरवावं.

सगळ्यात आधी यादी. या उन्हाळ्यातच, म्हातारी माणसं आहेत तोवर. दोन म्हातारे, दोन बाया, दोन लिहिणारी पोरं अशी टोळी करून शिवार फिरायचं. मुंड्यांची जागा, मुठवा देव, डोंगर देवाची वाट, देवाची झाडं, झरे, डोह, भूमका जिथून मुळ्या आणतो ते नाले (मुळीचं नाव आणि औषध मात्र लिहायचं नाही, ती विद्या त्याची आहे, नुसती जागा लिहा). प्रत्येक ठिकाणाचं कोरकू नाव, गोंडी असेल तर गोंडी नाव, कोण कधीपासून तिथे पूजा करते, आणि आज तिची हालत कशी आहे: आटली, पडली, जळली, चांगली आहे. शेवटचा रकाना दरवर्षी भरायचा. पाच वर्षांनी तोच कागद सांगेल की पाऊस बदलला म्हणजे आपल्या गावात नक्की काय झालं. उठवलेल्या गावांनी जुन्या गावठाणाची यादी आठवणीतून करावी, म्हाताऱ्यांना बसवून जमिनीवर रेघा मारून नकाशा काढावा. जुन्या गावठाणावरच्या हक्काचा वाद लांबचा आहे, तो चालू राहील. आठवण लिहून काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

मुंड्यांना काय करायचं ते म्हाताऱ्यांनी ठरवावं. काही घरांत एकदा उभा केलेला मुंडा पुन्हा हलवत नाहीत, त्याला हात लावायचा नाही. पण बुडाजवळची माती ओढून पाणी बाहेर काढून देणं, भोवतीचा पाला उन्हाळ्याआधी झाडून पाच-सहा हात मोकळी पट्टी ठेवणं, याला कोणाची हरकत नसावी. नवा उभा करताना जमिनीत जाणारा भाग आगीवर काळा करून घ्यावा आणि खाली मुरूम-दगड भरावेत, म्हणजे ओल धरत नाही. लाकडाचं मात्र दाव्यात मागून घ्यायचं. सागाचं लाकूड गौण वनोपजात येत नाही. म्हणून निस्तार किंवा इतर पारंपरिक हक्क या सदरात स्पष्ट लिहा की सिडोलीसाठी मुंड्याचं लाकूड आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलातून घेत आलो. न लिहिलेला हक्क कोणी मानत नाही.

मोहाचं थोडं जास्त बोलतो, कारण इथे वाद होणार हे माहीत आहे. फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची रीत जुनी आहे. पूर्वी ती आग झाडाखालीच विझायची. आता फाल्गुनातच रान वाळून कोळ झालेलं असते आणि तीच आग वारं लागलं की दोन टेकड्या चढते. त्यात पहिली मरतात ती मोहाची रोपं. तुमच्या शिवारात जा आणि पाहा, मोठे मोह किती आणि मनगटाएवढे किती. आजोबांनी राखलेल्या झाडांचं फूल आपण खातो आहोत, आणि नातवासाठी झाड उभं राहून नाही राहिलं. म्हणून पाला झाडून काढायचा, जाळायचा नाही. जुनी लुगडी नाही तर जाळी अंथरली तर फूल मातीत पडत नाही आणि भावही बरा येते. बाया म्हणतील, झाडायला वेळ लागते, आमचीच कंबर मोडते. बरोबर आहे त्यांचं. तर मग झाडलोट आणि जाळरेषा ही ग्रामसभेने ठरवून सगळ्या गावाची, पुरुषांचीही, कामं करावीत. ज्येष्ठ-आषाढात बी पडते ते ताजंच पेरावं लागते, ठेवलं तर उगवत नाही. दर घराने दोन रोपं, कुंपण घालून. दहा वर्षांच्या आसपास फूल धरेल.

कुटकीसाठी दहा घरांनी एक-एक तुकडा पेरावा, सगळ्या गावाने नाही पेरली तरी चालेल. ज्याच्याकडे जुनं बियाणं आहे त्याने पायलीभर द्यावं, घेणाऱ्याने सुगीला दीडपट परत करावं. ही आपलीच जुनी देवाणघेवाण आहे. कोदो, सावा, भादली जे सापडेल ते. आणि दसऱ्याला देवापुढे तोच दाणा.

पाण्याबद्दल खालच्या भावांनाही ऐकवायचं आहे. वान आणि शहानूर या नद्या आपल्या डोंगरातून उतरतात. त्यांच्या धरणांचं पाणी अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूरकडे जाते, जिथे खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. वरचा झरा, वरची देवराई राखली तर खालचा नळ चालतो. तेव्हा ‘आदिवासी जंगल तोडतात’ असं खाली कोणी म्हटलं, तर त्याला आपल्या चर-बांधांवर घेऊन या.

एक सावधगिरीची गोष्ट. हवामान बदलाच्या नावाने आता पैसा यायला लागला आहे. २०१६ मध्ये भरपाई वनीकरणाचा कायदा झाला, त्याचा मोठा निधी आहे. दुसरीकडे कार्बनचा व्यापार करणाऱ्या कंपन्या फिरतात. झाडं लावायला कोण नाही म्हणेल? पण कुटकीच्या उतारावर, चराईच्या माळावर, मुंड्यांच्या जागेवर तारेचं कुंपण घालून एकाच जातीची रोपं लावली, तर त्याने आपला वारसा राखला जात नाही, पुसला जातो. कोणीही आलं, कितीही गोड बोललं, तरी सही कोणाच्या घरी बसून करायची नाही. कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा, कोरकूत सांगायचा, समजला नाही तर पुढच्या सभेवर ठेवायचा.

आणि सभा पक्की भरवायची. दाव्याच्या ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी निम्मे तरी हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. तितक्या नसल्या तर पुढे तीच त्रुटी काढून फाईल परत येते. मोहाच्या दिवसांत पहाटे सभा ठेवू नका, बाया येणार नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशीही नको.

ठरावात तीन गोष्टी याव्यात: कलम ५ खाली समिती नेमली, तिच्यात भूमका आणि निदान निम्म्या बाया आहेत, पवित्र जागांची यादी ग्रामसभेने वाचून मंजूर केली, आणि आग, कुऱ्हाड, झऱ्याकाठची चराई याबद्दल गावाने अमुक नियम केले. ठरावाच्या तीन प्रती करा. एक गावात, एक उपविभागीय समितीला देऊन पोच घ्या, एक संघटनेकडे पाठवा. यादीचा कोरा नमुना याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. पान फाडून घ्या, कमी पडलं तर हाताने रेघा मारून तसाच करा. आखाडीच्या आधी जमा झालेल्या याद्या पुढच्या बैठकीत एकत्र वाचू.